मात्सुच्या पाठीतला दाणा

२ नोव्हेंबर

शुगोदादा,

तुझं पाकीट काल आलं. आत एक कागद, कागदाखाली तुझा लाल शिक्का, आणि बस. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. सहा वर्षांनी भाऊ घरी काही पाठवतो आणि त्यात बैलाचं रक्त सोडून कुणाची चौकशी नाही, हे जरा जास्तच झालं.

मी मे महिन्यापासून इथे आहे. तुला कळलं असेलच, या डोंगरात शिंक आली तरी तीन गावांत कळते. तीन वर्षांत अकरा ठिकाणी राहिले. हाकोदातेला बंदरावर स्क्विड निवडले, आओमोरीत सफरचंदं पुसली, एका गरम पाण्याच्या हॉटेलात दिवसाला चारशे टॉवेल धुतले. तिथे एक बाई होती, ती झऱ्याच्या पाण्यात अंडी उकडायची आणि मिनिटं मोजायच्या ऐवजी एक गाणं म्हणायची. गाणं संपलं की अंडं तयार. ते जाऊ दे. तुझ्या कागदाबद्दल लिहायला बसले होते.

तुमच्या संशोधन केंद्राने आपल्या गोठ्यातले चार बैल निवडले. दर महिन्याला रक्त, दोन महिन्यांनी सुई. सुई घेऊन तुमच्या हिनाकोताई येतात. पाठीच्या लांब स्नायूतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, बर्फात ठेवतात आणि जाता जाता मला शिकवतात. स्नायूत म्हणे काही पेशी अशा असतात की त्यांचं अजून काही ठरलेलं नसतं, मांस व्हायचं की चरबी. जनुकं त्यांना सांगतात. काही जनुकं बोलतात, काही गप्प बसतात, आणि तुम्ही तिकडे कोण किती बोललं ते मोजता. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारख्याच पेशी, पंचविशीपर्यंत काही ठरलेलं नाही. त्या हसल्या नाहीत. त्यांना हसायला पगारात जागा नसावी.

आता माझा पहिला संशय लिहिते. बाबांनी या कामाला सही कशी दिली? ज्या माणसाने सहा वर्षं तुझं नाव जेवताना निघालं की मुळ्याचं लोणचं कराकरा चावून आवाज बुडवला, तो तुझ्या केंद्राच्या कागदावर मुकाट्याने शिक्का मारतो? तुम्ही दोघांनी काही ठरवलंय का?

विचारते आहे कारण गोष्ट आपल्या मात्सुनामी बैलाची आहे. मात्सु सतरा महिन्यांचा झाला. पुढच्या वर्षी डिसेंबरात जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाईल. बाबांनी जाहीर केलंय, हा शेवटचा. मात्सुच्या मांसाला पाच नंबर, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, मिळाला तर गोठा चालू राहील आणि माझ्या हातात येईल. नाही मिळाला तर बाराच्या बारा खण शेजारच्या वाशिओकाकांना. भाताचा घास तोंडात असताना म्हणाले, जसं काही उद्या पाऊस आहे म्हणावं.

मला काय, मी वसंतात निघणारच आहे. तरी पण मात्सुचं मी मनापासून करते. तो मला लांबून ओळखतो. ऑक्टोबरात एकदा संध्याकाळी गव्हाणीला धडकला, तेव्हापासून तर मी त्याला जपते. बाबा म्हणाले, पाय घसरला. म्हणून मी त्याच्या पायाखालचा लाकडाचा भुसा काढून नवा भाताचा पेंढा जाड अंथरला. काय वास आहे रे त्याला. मी स्वतः त्यात एकदा झोपले होते.

चिगुसा


९ डिसेंबर

दादा,

तुझा दुसरा कागद आला. मात्सुचं ‘अ’ जीवनसत्त्व गेल्या महिन्यात अठ्ठेचाळीस होतं, आता एकाहत्तर. बाकीचे तिघे चाळिशीतच. आणि शेवटच्या रकान्यात, चरबीकडे नेणारी जनुकं: क्षीण.

बाबांना कागद वाचून दाखवला. ते चष्मा पुसत राहिले. मी म्हटलं, बाबा, या वयात आकडा उतरायला हवा, तुम्हीच शिकवलंत. आकडा उतरला की मांसात पांढऱ्या चरबीचं हिम उतरतं. इथे चढतोय. कुणीतरी मात्सुला काहीतरी हिरवं चारतंय.

ते म्हणाले, “मशीन चुकलं असेल.”

बाबा आणि मशीनला माफ करतात. लिहून ठेव.

तर मी पाळत ठेवली. परवा पहिला बर्फ पडला, आणि पहाटे मात्सुच्या खिडकीखाली बुटांचे ठसे. कुंपणाकडून आलेले, तिथे थोडा वेळ थांबलेले, परत गेलेले. टाचेला गोल खिळ्यांची नक्षी. आपल्या घरात असे बूट नाहीत. मी ठशाशेजारी माझी वीत ठेवून माप घेतलं आणि तशीच वाशिओकाकांच्या दारात गेले. ते गाजरं धूत होते. गाजरं, दादा. नारिंगी, ‘अ’ जीवनसत्त्वाने भरलेली, टोपलीभर.

“काय गं चिगु, अजून इथेच? मला वाटलं बर्फ पडायच्या आत उडशील.”

“काका, तुमचे बूट नवे दिसतात.”

“बूट नवे असले तरी पाय तेच जुने. चहा घेतेस?”

“गाजरं बरीच आहेत.”

“म्हातारी सूप करते. तुझ्या बापाला गाजर आवडत नाही म्हणून तुमच्याकडे पाठवत नाही. नाहीतर तोही माझ्यावर संशय घेईल.”

‘तोही’ म्हणाले. मी कुठे काही बोलले होते? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सलग पाच वर्षं प्रदर्शनात पहिला नंबर त्यांचा. आपले बारा खण त्यांच्या भिंतीला लागून. मात्सु पडला की गोठा त्यांचा. आता तूच सांग, मी वेडी आहे का?

चहा घेतला पण. थंडी फार होती.

चिगु


१४ जानेवारी

दादा,

आकडा नव्वद. तू बघितलाच असशील. तूच लिहिलास.

पशुपालक संघाची नव्या वर्षाची बैठक झाली, देवळामागच्या सभागृहात. तीस माणसं, सगळी साठीपुढची, आणि मी. भाजलेले तांदळाचे मोची, भरपूर साकेची दारू. वाशिओकाकांनी माझ्या बाबांचा पेला भरला आणि म्हणाले, “गेन्जो, यंदा तुझा मात्सु आमची झोप उडवणार.” मला राहवलं नाही. मी उभी राहिले.

“झोप तुमची कशाने उडते ते आम्हाला माहीत आहे, काका. पहाटे आमच्या खिडकीखाली येऊन आमच्या बैलाला गाजरं चारायची असतील तर झोप उडणारच.”

कुणाची तरी जेवायची काडी ताटलीवर पडली. वाशिओकाकांनी पेला खाली ठेवला, आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“असेल बुवा,” म्हणाले. “वय झालं. पाय कुठेही जातात.”

मग कुणीतरी हसलं आणि सगळे हसले. नाकारलं नाही त्यांनी. मला वाटलं होतं भांडतील, आरडाओरडा करतील. आणि बाबा? बाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या पोरीने भर सभेत त्यांच्या चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याला चोर म्हटलं आणि ते मोची चावत बसले. घरी येताना फक्त एवढं म्हणाले, “टोपी विसरलीस.”

आणि रस्त्यात मला दुसरा संशय आला. तो तुझ्यावर आहे.

रक्ताची नळी इथून जाते तेव्हा तिच्यावर नंबर असतो, नाव नसतं. तिथे ती तुझ्या हातात पडते. कुणाची नळी कुठे ठेवायची हे तू ठरवतोस. तुला बाबांना हरवायचंय. कोहारुची गोष्ट मी विसरलेले नाही. तू सोळाचा होतास, तो बैल तू वाढवला होतास, बाबांनी त्याला हिरव्याविना एवढा कोरडा ठेवला की शेवटी तो आंधळा झाला. भिंतीला धडकायचा. तरीही पाच नंबर आला आणि बाबांनी त्या दिवशी सगळ्या गल्लीला साके पाजली. मी अकराची होते, मला साकेच्या बाटल्यांची झाकणं गोळा केलेली आठवतात. पुढे चोविसाव्या वर्षी तू कोहारुच्या नाकाचा शाईचा ठसा कपाटाच्या दारावरून काढून घेतलास आणि गेलास. तिथल्या लाकडावर अजून उजळ चौकोन आहे.

तर बाबांची पद्धत चुकीची आहे हे जगाला दाखवायचं असेल तर मात्सुसारखा बैल दुसरा कुठे मिळणार?

खरं काय ते लिही. आणि तुला वाटेल हिला काय पडलंय, ही तर वसंतात जाणार. म्हणून सांगते. मला जायचं नाही. अकरा ठिकाणी मी सामान कधी पिशवीतून पूर्ण काढलं नाही. इथे काढलंय. हे बाबांना सांगितलेलं नाही. तुला सांगतेय कारण तुला कुणी विचारणार नाही.

चिगुसा


६ फेब्रुवारी

दादा,

हिनाकोताई सुई घेऊन येऊन गेल्या. आजकाल माझा त्यांच्यावरही डोळा आहे. त्या बाई बोलता बोलता गोठ्याचा प्रत्येक कोपरा बघतात. मात्सुला बांधून पाठ साफ करत होते तेव्हा काहीबाही विचारत होत्या. मी काहीबाही उत्तर दिलं.

पाठीतून दाणा काढला. गुलाबी, अगदी शिजायच्या आधी भिजवलेल्या तांदळासारखा. मी म्हटलं, एवढ्याशा दाण्यात काय दिसणार? त्या म्हणाल्या, “एका दाण्यावरून भात शिजला की नाही कळतो ना? तसंच.” पहिल्यांदाच त्यांनी विनोद केला आणि मला हसू आलं नाही.

मात्सुचं बरं आहे. डोळे काळेभोर, चमकदार. गव्हाणीला धडकत नाही. बाकी तिघांतला एक संध्याकाळी दाराशी अडखळतो.

तुझं उत्तर आलेलं नाही. मला वाटलंच होतं.

बर्फ छतापर्यंत. इथे आज काही विशेष नाही.

चिगुसा


२० फेब्रुवारी

शुगोदादा,

मागचं पत्र खोटं होतं. सगळं नाही, मधलं.

हिनाकोताईंनी काहीबाही विचारलं नव्हतं. मात्सु खाली मान घालून पायाखालचं चघळत होता. त्यांनी वाकून मूठभर उचललं, पांढऱ्या हातमोज्यावर ठेवलं, खिडकीशी नेलं आणि विचारलं, “हा पेंढा कोणत्या वर्षीचा?”

मी म्हटलं, मागच्या, म्हणजे गेल्या ऑक्टोबरातला.

त्यांनी हातमोजा माझ्यापुढे धरला. पांढऱ्यावर हिरवट रंग दिसत होता, अगदी स्पष्ट. मग त्यांनी ती मूठ परत खाली टाकली आणि सुई तापवायला गेल्या.

दादा, नियम मला पाठ आहे. पेंढा वर्षभर माळ्यावर ठेवायचा, हिरवा रंग पूर्ण उडून करडा झाला की मगच गव्हाणीत, कारण हिरव्यात ‘अ’ जीवनसत्त्व असतं. गव्हाणीत मी एकदाही नवा पेंढा घातला नाही. शपथ. पण अंथरुणाला घातला. खायला जुना, झोपायला नवा, लाडका म्हणून. आणि बैल अंथरूण खातो हे मला, बैलांत जन्मलेल्या पोरीला, सुचलं नाही. स्क्विड निवडणाऱ्यांना सुचलं असतं.

आणि आता दुसरं. जानेवारीच्या तुझ्या कागदावर, आकड्यांच्या खाली, पेन्सिलीने दोन ओळी होत्या. ‘पायाखाली काय अंथरता? कोणत्या वर्षीचं?’ सहा वर्षांत तुझ्या हातची ही पहिली दोन वाक्यं. मी ती वाचली आणि मला राग आला, की हा तिथे बसून आमच्यावर आळ घेतो. बाबांना दाखवायच्या आधी मी ती खोडून टाकली. मग तुलाच पत्र लिहिलं की तू नळ्या बदलतोस. तुझं उत्तर आलं नाही असंही लिहिलं. उत्तर माझ्या प्रश्नाच्या आधी आलेलं होतं, मी ते रबराने पुसलं होतं.

हिनाकोताई गेल्यावर त्याच दुपारी मी सगळा पेंढा काढला, भुसा टाकला. हात सोलले. मात्सु माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी त्याचं ताट ओढलं.

हे सगळं इथे संपायला हवं होतं. पण तीन दिवसांनी सकाळी त्याच्या पायाखाली परत पेंढा होता. नवा, हिरवट, जाड, नीट कोपऱ्यापर्यंत पसरलेला. मी टाकलेला नाही. मी परत काढला. दोन दिवसांनी परत.

कोण आहे, दादा? वाशिओकाका भिंत चढून पेंढा पसरणार नाहीत, त्यांचे गुडघे गेलेत. पेंढ्याच्या माळ्याची किल्ली एकच आहे. ती बाबांच्या कमरेला असते, आणि सकाळपुरती माझ्याकडे.

चिगु


३ मार्च

दादा,

पहाटे पाचला गोठ्याच्या मागच्या दाराआड उभी राहिले. हातात मिठाच्या भाताचा गोळा, कारण उपाशी पाळत मला जमत नाही. हाकोदातेत एकदा मी चोर पकडायला थांबले होते आणि झोपले, चोराने माझ्या अंगावर गोधडी घातली. असो.

बाबा आले. पाठीवर पेंढ्याचा भारा. मात्सुच्या खणाशी थांबले, त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला, डावीकडून उजवीकडे. मात्सुने मान फिरवून हाताबरोबर बघितलं. मग त्यांनी पेंढा पसरला.

मी बाहेर आले नाही. भ्यायले म्हण. सरळ वाशिओकाकांकडे गेले. ते दारातला बर्फ ओढत होते. मी डोकं जमिनीपर्यंत टेकवलं आणि माफी मागितली.

“ऊठ, कपडे ओले होतील,” म्हणाले. “सांगायचं का तुला? रोज पहाटे यायचो मी. खरंच. शेजाऱ्याचा बैल बघितल्याशिवाय मला चहा उतरत नाही, चाळीस वर्षांची खोड आहे. नोव्हेंबरातच बघितलं, तू नवा पेंढा अंथरतेस. लगेच गेन्जोला सांगितलं, पोरगी तुझा बैल बुडवतेय.”

“बाबा काय म्हणाले?”

“म्हणाला, तोंड बंद ठेव.”

“आणि मी सभेत तुम्हाला चोर म्हटलं तेव्हा?”

“तोंड बंद ठेवलं ना.” त्यांनी फावडं टेकवलं. “गाजराचं सूप आहे. आता तरी पी.”

प्यायले. त्यांच्या बाईने त्यात आलं फार घातलं होतं.

घरी आले तर बाबा चुलीशी बसून मिसोचं सूप ढवळत होते. मी विचारलं. ते ढवळत राहिले, मिसो उकळायला लागला, मिसो उकळू देत नाहीत ते एरवी.

“ऑक्टोबरात धडकला तेव्हाच ओळखलं,” म्हणाले. “शुगोचा कोहारु आधी असाच धडकला होता. त्या वेळी पण मी पाय घसरला म्हणालो होतो.”

“मग ‘अ’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं होतं. दहा मिनिटांचं काम.”

“कुणी विचारलं असतं, गेन्जोने आकडा का चढवला? काय सांगू? चाळीस वर्षं जे केलं ते बरोबर नव्हतं म्हणून सांगू? तेवढ्यात तू पेंढा अंथरलास. तुझ्या चुकीच्या आडोशाला बसलो.”

“आणि वाशिओकाका? मी त्यांना तीस माणसांपुढे...”

“तो माझा मित्र आहे,” बाबा म्हणाले. “तुझा नाही. त्याला चालतं.”

मग त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. “आता तुला कळलंय. वेळ आहे अजून. भुसा टाकलास तर आकडा उतरेल, मांसात हिम उतरेल, पाच नंबर येऊ शकतो. गोठा तुझा. मी अडवणार नाही. पेंढा ठेवलास तर पाच येणार नाही. शब्द दिलाय मी वाशिओला, तो मोडणार नाही.”

मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, मला वाटायचं ते मी सहा महिने रोज पहाटे केलंय.

सहा महिने नव्हे, तीनेक आठवडे. तेवढं त्यांनी वाढवून सांगितलं. पण कुणास ठाऊक, मी नोव्हेंबरात अंथरलेला पेंढा मला नेहमी जरा जास्तच जाड वाटायचा.

मी काय केलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या महिन्याचा आकडा बघ, कळेल.

चिगुसा


१२ डिसेंबर

शुगोदादा,

नऊ महिने लिहिलं नाही. तुझे कागद येत होते, इथून रक्ताच्या नळ्या जात होत्या, तेवढं बोलणं पुरलं.

मात्सुला मी गेल्या शुक्रवारी गाडीत चढवला. आपल्या गोठ्यातून निघणारा बैल फळीपाशी अडतो, दोघे पुढून ओढतात, एक मागून, कारण त्याला फळीची कड दिसत नाही. मात्सु फळीपाशी थांबला, खाली बघितलं, कड बघितली आणि आपल्या पायांनी वर चढला. वरून त्याने वळून गोठ्याकडे बघितलं. बाबा गाडीच्या मागच्या दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढली. मी त्यांना बैलापुढे टोपी काढताना कधी बघितलं नव्हतं.

प्रदर्शनात सहाव्या आणि सातव्या बरगडीमध्ये मांस कापून परीक्षकांनी दिवा धरला. पाठीच्या त्या लांब स्नायूत, जिथून हिनाकोताई दाणे काढायच्या, पांढऱ्या रेघा होत्या, बऱ्या होत्या, पण विरळ. आमच्याकडच्या पहिल्या बर्फासारखं, काळी जमीन मधूनमधून दिसते तसं. चार नंबर. पहिला नंबर वाशिओकाकांचा, सहाव्यांदा. तुझी जनुकं शेवटपर्यंत खरं बोलत होती, नळीतलं रक्तही. मी जे तुझ्याबद्दल लिहिलं ते परत घेते. पत्र जाळ किंवा ठेव, तुझी मर्जी.

रविवारी वाशिओकाका आले, स्वच्छ बूट घालून. बाबांनी चहा ओतला.

“शब्द दिला होता,” बाबा म्हणाले. “खण तुझे.”

“बारा?”

“दहा.”

“शब्द बाराचा होता, गेन्जो.”

“बाराचा होता. दहा घे.”

“दोन खणांत तू काय करणार? तुझे हात भाताचा वाडगा धरत नाहीत.”

“मी नाही. पोरगी आहे.”

वाशिओकाकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “ही? ही वसंतात जाणार ना?”

“सामान काढलंय तिने पिशवीतून,” बाबा म्हणाले. “आली त्या मे महिन्यातच.”

मला वाटत होतं ते तुला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही.

वाशिओकाका चहा पिऊन उठले. दाराशी म्हणाले, “दहा तर दहा. पण खिडकी मी बंद करणार नाही. पहाटे यायची सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी बाबा मला न सांगता जिल्ह्याला गेले, चांगला कोट घालून. मी दिवसभर नाना संशय घेतले. डॉक्टर, वकील, एखादी बाई. संध्याकाळी वासरांच्या बाजारातून गाडी आली. नऊ महिन्यांचं वासरू, काळं, अजून घाबरलेलं. त्याच्या नोंदीच्या कागदावर मालक म्हणून माझं नाव. वासराच्या नाकाचा ठसा नोंदीत असतोच, पण मी आपला एक वेगळा घेतला. नाक पुसून कोरडं केलं, शाई लावली, कागद दाबला. ते शिंकलं, म्हणून एका कडेला डाग आहे. तोच या पत्रात घातलाय. तिथे नाव लिहिलेलं नाही, कारण ते मी अजून ठेवलेलं नाही.

याच्या जोडीचा दुसरा ठसा मी कपाटाच्या दारावर लावलाय. उजळ चौकोनाच्या शेजारी, त्याच्यावर नाही. ती जागा कोहारुची आहे, आणि कोहारु तुझ्याकडे आहे.

बाबांना मी विचारलं, दादाला बोलवू का? ते मुळ्याचं लोणचं खात होते. चावणं थांबवलं, एवढंच.

दोन खणांतल्या एकात वासरू आहे. दुसऱ्यात पेंढा भरलाय. कोणत्या वर्षीचा ते येऊन बघ.

तुझी
चिगु